सी.टी. स्कॅननंतरची छर्दी : औषधापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सी.टी. स्कॅन करून परतलेला रुग्ण 'इंजेक्शन देताच अंग तापले, मळमळले, उलटी झाली' असे सांगत चिकित्सालयात वा औषधी दुकानात येतो. अशा वेळी सूतशेखराच्या दोन गोळ्या देऊन त्यास परत पाठविणे सोपे असते. परंतु त्यापूर्वी काही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

शिरेवाटे दिला जाणारा कॉन्ट्रास्ट हा आयोडीनयुक्त द्रव होय. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, तीन लाखांहून अधिक इंजेक्शनांच्या जपानमधील पाहणीत जुन्या आयनिक द्रवाने १२.६६ टक्के, तर नॉन-आयनिक द्रवाने ३.१३ टक्के प्रसंगी काही ना काही त्रास झाला. आज प्रामुख्याने नॉन-आयनिक द्रवच वापरतात. त्यामुळे होणारी मळमळ बहुधा काही मिनिटांत आपोआप शमते. आयुर्वेददृष्ट्या ही आगंतु हेतूची छर्दी. हेतू दूर होताच वेगही ओसरतो. लाजमंड, लघु आहार व पुरेसे पाणी एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

मात्र उलटीसोबत अंगावर गांधी, ओठ वा जिभेस सूज, श्वासास अडथळा, भोवळ यांपैकी काहीही आढळल्यास ती केवळ छर्दी नव्हे. ही तीव्र ॲलर्जी प्राणघातक ठरू शकते. तेथे चूर्ण-वटीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच तेथील पहिला उपचार आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या वा मूत्रप्रमाण घटले, तर क्रिएटिनिन तपासून घ्यावे. वृक्कविकार असलेल्यांत ही दक्षता विशेष हवी. त्वचेवरील पुरळ तर आठवडाभरातही उमटू शकतो. अशा रुग्णांत स्कॅनच्या आगेमागे वमन-विरेचन योजू नये. शरीरातील जलांश घटल्यास वृक्कांवर अधिक भार पडतो.

स्कॅनपूर्वीची विचारपूसही तितकीच मोलाची. पूर्वी कॉन्ट्रास्टचा त्रास झाला होता काय, दमा, वृक्कविकार वा थायरॉइडचा विकार आहे काय, मेटफॉर्मिन चालू आहे काय, हे रुग्णाने स्कॅन केंद्रात सांगितलेच पाहिजे. मासळीची ॲलर्जी म्हणजे कॉन्ट्रास्टची ॲलर्जी, हा समज मात्र निराधार आहे. आपण देत असलेले भस्म व रसकल्प रुग्ण तेथे सहसा सांगत नाहीत. म्हणून त्यांची यादी आपणच लिहून द्यावी.

वैद्यबंधूंनी केसपेपरवर वापरलेल्या द्रवाचे नाव, दिनांक व झालेला त्रास नोंदवावा, ही आमची विनंती. पुढील स्कॅनच्या वेळी ती एक ओळ रुग्णाचे प्राण वाचवू शकेल.