साहेब, अफू आणि चहाचा पुडा

हिरवेगार डोंगरउतार, पाठीवर टोपली आणि गालात हसणारी मजूर बाई. चहाच्या पुड्यावर हे चित्र आपण इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ते खरंच वाटू लागलं आहे. हे चित्र बदलून पुड्यावर चहाचा खरा इतिहास आणायचा असेल, तर व्यंगचित्रासारखं साधन नाही. आणि असा डबा तयार व्हायला जयपूरसारखं गाव नाही.

जयपुरात चहा पिकत नाही, पण सजावटीत या शहराचा हात धरणारं कोणी नाही. सांगानेर आणि बगरूचे ठसेकाम करणारे छिपे हाकेच्या अंतरावर आहेत. १८७६मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी शहराच्या भिंती गेरूसारख्या रंगात रंगवून घेतल्या. पाहुणा आठवड्याभरात गेला, रंग मात्र राहिला. साम्राज्याची थट्टा करणारा डबा इथे निघाला, तर त्याला चार बाजू असाव्यात.

पहिल्या बाजूवर उंट. इंग्रजांना चिनी चहाची चटक लागली, पण चीनला त्यांचा माल नको होता, चांदी हवी होती. ती वाचवायला भारतातली अफू चीनमध्ये खपवली गेली. बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती. माळव्याची अफू मात्र राजपुतान्यातल्या पालीसारख्या पेठांमधून कराचीकडे आणि तिथून समुद्रमार्गे पुढे जाई. मुंबईच्या कित्येक पेढ्या याच व्यापारावर वाढल्या. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यातलं ठळक नाव. चीनने अफू रोखली, तेव्हा १८३९मध्ये युद्ध पेटलं. चित्र असं काढावं: अफूच्या पेट्यांनी वाकलेला उंट, आणि त्याच्यापुढे कपबशी सांभाळत चालणारा, पांढऱ्या हातमोज्यांवर डाग पडू न देणारा साहेब.

दुसऱ्या बाजूवर ‘शोध’. रॉबर्ट ब्रूसने १८२३मध्ये आसामात चहाचं झाड ‘शोधलं’, असं पुस्तकं सांगतात. तिथले सिंगफो लोक तो आधीपासूनच पीत होते. तेव्हा दुर्बीण लावून झुडूप न्याहाळणारा साहेब आणि त्याच्या मागे निवांत चहा घेणारा सिंगफो म्हातारा, एवढं चित्र पुरे. १८३९मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला. स्वतःचे मळे उभारणारे मणिराम दिवाण यांना मात्र १८५७च्या उठावाच्या कटात गोवून फेब्रुवारी १८५८मध्ये फाशी दिलं गेलं.

इथे व्यंगचित्रकाराने हात आखडता घ्यावा. छोटा नागपूर आणि इतर भागांतून मळ्यांवर मजूर नेले गेले; १८५९च्या कायद्याने काम सोडणं हा गुन्हा ठरला. १९२१मध्ये चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून निघाले, तेव्हा चांदपूरला त्यांच्यावर गुरखा शिपाई घालण्यात आले. यात विनोद शोधू नये. हसायचं ते साहेबावर, टोपलीवर नाही.

तिसरी बाजू भारतीयांना चहाचं व्यसन लावण्याची. १९०३च्या कायद्याने निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला: फुकट पेले, रेल्वे स्थानकांवर पाट्या, चहा करण्याची कृती देशी भाषांमध्ये. तरी कित्येक स्थानकांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ वेगळे मिळत. आपल्याकडे पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये १८९०मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांसमोर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवून आणली आणि एका पेल्यापायी प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला.

चौथी बाजू उत्तराची. नारणदास देसाई दक्षिण आफ्रिकेत चहाचे मळे सांभाळत. वर्णद्वेषामुळे ते गांधीजींचं शिफारसपत्र घेऊन मायदेशी परतले. १९१९मध्ये अहमदाबादेत त्यांनी गुजरात टी डेपो काढला. १९३४पासून त्यांच्या पुड्यावर वाघ आणि बकरी एकाच पेल्यातून चहा पिताना दिसू लागली. समतेची गोष्ट एका गमतीशीर चित्रात बसली आणि आजही खपते आहे. १९४७च्या सुमारास चित्रकार अन्नदा मुन्शी यांनी चरखा चालवणाऱ्या बाईच्या चित्रातून चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचं सांगितलं. साहेबाचं पेय स्वातंत्र्याचं पेय म्हणून खपलं, यापेक्षा मोठा विनोद कोणता?

जयपूरच्या हातमाग-हस्तकला दुकानांतून दिवाळीच्या भेटींसाठी चहाचे सजवलेले डबे विकले जातात. त्यावर हत्ती, मोर आणि राजवाडे असतात. हा इतिहास नसतो. तिथल्या आणि आपल्याही तरुण चित्रकारांनी तो रेखाटावा. पंचहौदाचा प्रसंग तर मराठी चित्रकाराला आयताच मिळाला आहे. रानडे आणि टिळक एका टेबलाशी, समोर एक कप, दोघांच्या मागे कुजबुजणारं पुणं: एवढं कोणी काढलं, तर तो डबा चहा संपल्यावरही कोणी टाकणार नाही.