बारा लाख आणि बारा कोटी

आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू सुमारे 200 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरवर असे पाच हजार ओळीने मावतील. पण डुकराला ताप भरला, की एक मिलिलिटर रक्तात संसर्गक्षम विषाणूंची संख्या दहा कोटींवर जाऊ शकते. म्हणजे गोठ्यातून बाहेर पडताना बुटाला चिकटलेल्या रक्ताच्या एकाच थेंबात 50 लाख. 50 किलोच्या डुकराच्या अंगात तीनेक लिटर रक्त धरलं, तर हिशेब 30 हजार कोटींवर जातो, आणि जगातली सगळी पाळीव डुकरं मिळून 100 कोटींच्या आसपास आहेत! कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, की पाण्यातून पोटात गेली तर विषाणूची अगदी एक मात्राही संसर्गाला पुरते. कोरड्या खाद्यातून दहा हजार लागतात.

जहाल प्रकारात शंभरातली जवळजवळ शंभर डुकरं दगावतात. माणसाला हा रोग होत नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये तो चीनमध्ये शेनयांगला सापडला. जगातली जवळपास निम्मी डुकरं त्या एका देशात होती. सरकारी आकड्यांनुसार 2018च्या अखेरीस 42.8 कोटी, वर्षभराने 31 कोटी. 11.8 कोटींची घट. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी होती. भारतात 2019च्या पशुगणनेत डुकरं भरली सुमारे 90 लाख, म्हणजे ही घट त्यांच्या तेरापट.

मला मात्र याहून अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा. याच काळात रोगामुळे सरकारी आदेशाने मारलेली डुकरं चीनने जाहीर केली, ती सुमारे 12 लाख. घट त्याच्या शंभरपट. मधली डुकरं गेली कुठे? काही रोगाने मेली आणि कुणी कळवलंच नाही. बरीचशी धास्तीने घाईघाईत कापायला विकली गेली, आणि रिकाम्या गोठ्यांत नवी पिल्लं आणायला कुणी धजावलं नाही. आजारी डुक्कर दाखवलं तर अख्खा कळप मारला जाणार, भरपाई कधी आणि किती मिळणार याची खात्री नाही. अशा वेळी गरीब पालक गप्प बसतो, आणि रोग विकलेल्या मांसातून पुढच्या गावी जातो. गोठवलेल्या मांसात हा विषाणू वर्षानुवर्षं तग धरतो.

त्याला मारणं तसं अवघड नाही: 60 अंशांवर 20 मिनिटं. हॉटेलातलं खरकटं नीट उकळून डुकरांना घातलं, तरी एक मोठी वाट बंद होते. लस अवघड, कारण त्याच्या जनुकसंचात पावणेदोन लाखांच्या आसपास अक्षरं आहेत (कोरोनाच्या विषाणूत 30 हजार). व्हिएतनामने 2023 मध्ये लशींना व्यापारी वापराची मंजुरी दिली; तोवर जगात कुठेच तशी लस नव्हती. स्पेनमध्ये हा रोग 1960 साली शिरला, तो हटवायला 1995 उजाडलं.

2020 मध्ये तो आसाम-अरुणाचलात पोचला, पुढच्या वर्षी मिझोराममध्ये. तिथे एकेका घराची दोन-तीनच डुकरं असतात; मुलांची फी, दवाखाना, लग्न सगळं त्यांच्यावर. मिझोराममध्ये 2021 या एका वर्षात मेलेल्या डुकरांचा आकडा 30 हजारांपुढे गेला. चीनच्या कोट्यवधींपुढे तो कुठेच दिसत नाही, पण या 30 हजारांतली बहुतेक डुकरं कुणाची तरी सगळी शिल्लक होती.