वकट, लेंड, मुंड : खेळांच्या संशोधनाची पुढची वाट

आमच्या शाळेतील सातवीच्या वर्गात एकदा आम्ही सहज विचारले, "विटीदांडूत टोले मारताना आकडे कसे मोजतात?" वर्ग गप्प राहिला. अखेर एकाने भीत भीत "एक, दोन, तीन" असे उत्तर दिले. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झकू ही आमच्या पिढीच्या जिभेवर रुळलेली मालिका वर्गातील एकाही मुलाला ठाऊक नव्हती. दोष मुलांचा नव्हता. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या भुवईला विटी लागली, तेव्हा शाळेच्या मैदानावर या खेळाला बंदी घालणारे आम्हीच होतो. जप्त केलेले दांडू शाळेच्या स्वयंपाकघरातील चुलीत गेले. मुलाचा डोळा वाचला याचे समाधान मोठे होते; दांड्यांबरोबर आणखी काय जळाले, हा विचार त्या वेळी आमच्या मनाला शिवला नाही.

खेळ हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका पुष्कळांना येते. वस्तुतः ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या एडवर्ड टायलर यांनी आपल्या पचिशीची तुलना मेक्सिकोतील 'पटोली' या खेळाशी केली. हॅरल्ड मरे यांनी १९१३ मध्ये बुद्धिबळाचा इतिहास लिहिला आणि १९५२ मध्ये इतर पटांच्या खेळांचा. हॉलंडच्या योहान हौझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून संस्कृतीच्या मुळाशीच क्रीडावृत्ती असल्याचे प्रतिपादन केले. आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज दांपत्याने तर शाळाशाळांतून मुलांनाच विचारून त्यांची गाणी, कोडी आणि खेळ टिपले. १९५९ आणि १९६९ मधील त्यांचे ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची अखेरची विंशती क्रीडांना वाहिलेली आहे आणि याच ग्रंथात जुन्या मराठी पद्याचे नमुनेही आढळतात. कर्नाटकातील राजा, संस्कृत ग्रंथ आणि त्यात मराठी पद्य! सीमाभागातील आम्हा लोकांना या योगाचे नवल वाटत नाही. पुढे विसाव्या शतकात या कामी बडोद्याने पुढाकार घेतला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली खो-खोचे नियम बांधले गेले, तर १९२४ साली बडोद्याहून ते पुस्तकरूपाने निघाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश'ही बडोद्याचाच. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांनी मराठी खेळांची केवढी सेवा केली, हे आपल्या वाचकांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे. त्या नियमबद्धतेमुळेच २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक होऊ शकला.

तथापि नियम छापले गेले की खेळ एकसारखा होतो आणि गावोगावचे पाठभेद मागे पडतात. जे खेळ छापले गेलेच नाहीत, त्यांची स्थिती तर अधिकच बिकट आहे. आज विद्यापीठांतील अभ्यासाचा ओघ संगणकावरील खेळांकडे आहे. २००१ मध्ये त्यांना वाहिलेले एक स्वतंत्र संशोधन-नियतकालिक निघाले, तेव्हापासून तो वाढतच गेला. हॉलंडमधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१८ ते २०२३ या काळात जगभरचे सुमारे एक हजार पारंपरिक बुद्धीचे खेळ संगणकाच्या भाषेत मांडून त्यांचे परस्परसंबंध तपासण्यात आले. सापशिडीचे मूळ रूप असलेल्या ज्ञानचौपडीवर याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्याचा विषय अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारत हा होता. ही कामे मोलाची आहेत. परंतु कापडावरचा पट पेटीत सापडतो, संग्रहालयात राहतो. अंगाने आणि तोंडाने खेळायचा खेळ मागे काही ठेवीत नाही. दांडू चुलीत जातो, गजगे मातीत जातात, आकडे माणसाबरोबर जातात. म्हणून संशोधनाची पुढची दिशा या बोलत्या खेळांकडे वळली पाहिजे. आणि तिचा आरंभ जेथे दोन भाषा एका अंगणात नांदतात तेथून व्हावा, असे आम्हांस वाटते.

वकट-लेंडचेच पाहा. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. 'आरु' म्हणजे तेलुगूत आणि कन्नडातही सहा. मराठी पोरांनी शतकानुशतके द्राविडी आकड्यांत विटी मारली! पण आमच्या मालिकेत नालनंतर एकदम आर येतो. मग पाच कोठे गेले? 'वेद' हा शब्द तेलुगू 'ऐदु' म्हणजे पाचाचा अपभ्रंश मानावा, की 'एडु' म्हणजे साताचा? आणि कन्नड शेजारी असताना आकडे तेलुगूशी अधिक का जुळतात? निपाणी, चिकोडी, खानापूर येथील पाच-पन्नास गावांतील वृद्धांच्या तोंडचे पाठ टिपल्यावाचून याचा उलगडा होणार नाही.

त्या दिवसानंतर आम्ही मुलांना एकेक वही दिली आणि घरातील वडीलधाऱ्यांचे खेळ लिहून आणण्यास सांगितले. एका मुलीने आपल्या पणजीची हकीकत आणली. आजींचे माहेर कन्नड, सासर मराठी. आम्ही मुद्दाम भेटीस गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, लगीन हून आले तवा मराठी एक सबुद येत न्हवता. पर गजगं येत हुतं." कन्नडातही गजगच. नागपंचमीच्या झोक्याखाली नणंदांशी त्यांचा पहिला संवाद झाला तो त्या पाच बियांनी. असा पुरावा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसतो.

हे काम एकट्या शाळेचे नव्हे. निपाणीला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाकडे. तर बेळगावात २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ. भूमी एक, विद्यापीठे दोन. मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी जोडीने गावोगाव हिंडून खेळ टिपावेत. नुसते नियम नकोत. शब्द, भांडणे, रडीचे डाव आणि त्यांवरील निवाडे, हरणाऱ्याचे दंड, मुलींना काय खेळू देत आणि काय नाही, हे सारे नोंदावे. हाताच्या हालचाली चित्रित कराव्यात. नोंद सांगणाऱ्याच्याच बोलीत, गाव आणि वय यांसह असावी.

बडोदे, इंदूर, हैदराबाद, तंजावर येथील आमच्या वाचकांनीही आपापल्या घरी ही वही घालावी. तुमच्या विटीदांडूत गुजराती, हिंदी, तेलुगू, तमिळ शब्द कोणते शिरले? आजीच्या सोंगट्यांतील दानांना कोणती नावे होती?

आम्ही शाळेतील बंदी उठविली आहे. मैदानाचे एक टोक आखून दिले आहे आणि खेळ चालू असता एक शिक्षक तेथे उभा असतो. भुवईची आठवण आम्ही विसरलेलो नाही. आकडे शिकविण्यास गावातील एक वृद्ध शेतकरी येतात. मात्र त्यांना नाल आठवतो, आर आठवतो, पुढचे आठवत नाही. ज्यांना आठवत होते ते त्यांचे थोरले बंधू गेल्या वर्षी निवर्तले.