पाघळणे, उखडणे, खचणे : ऋतुमान आणि रस्त्याचे द्रव्य

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीचा परिसर हा दख्खनच्या काळ्या खडकाचा व त्यापासून झालेल्या काळ्या मातीचा प्रदेश होय. अशा प्रदेशातील रस्त्याच्या बिघाडास मराठीत तीन क्रियापदे आहेत : डांबर पाघळते, रस्ता उखडतो, रस्ता खचतो. हे पर्यायशब्द नव्हेत. प्रत्येकामागे वेगळा ऋतू, वेगळे द्रव्य व वेगळा उपाय आहे, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

‘पाघळणे’ हा उन्हाळ्याचा दोष. डांबरास निश्चित वितळबिंदू नसतो. उष्णतेने ते क्रमाने मऊ होते. भारतीय मानकानुसार व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुताबिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेचे तापमान ४० अंशांवर गेले म्हणजे रस्त्याचा काळा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. मग जड वाहनांखाली चाकोऱ्या पडतात. बैलगाडीच्या काळचा हा शब्द येथे तंतोतंत लागू पडतो. यावर उपाय अधिक कठीण प्रतीच्या डांबराचा व योग्य प्रमाणाचा.

‘उखडणे’ हा पावसाळ्याचा दोष. पण त्याची तयारी उन्हाळा करतो. ऊन व हवा यांमुळे डांबर कालांतराने ठिसूळ होऊन त्यास बारीक भेगा पडतात. पाणी त्यांतून शिरते, खडी व डांबर यांची पकड सोडविते आणि चाकांच्या दाबाने खडी सुटते. येथे कोरडी, स्वच्छ खडी व पृष्ठभागाचा उतार महत्त्वाचा.

‘खचणे’ याचे मूळ मात्र डांबरात नसून खालच्या मातीत असते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी घेऊन फुगते व सुकताना आकसते. रस्त्याच्या मध्यापेक्षा कडांची माती लवकर भिजते व लवकर सुकते. म्हणून कडेस लांबट भेगा प्रथम दिसतात. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीतून १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत मातीचा नमुना चार दिवस पाण्यात ठेवून त्याची ताकद मोजण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. चुन्याने मातीचे स्थिरीकरण, मुरमाचा चांगला थर व पाण्याचा निचरा हे येथील उपाय.

या तिन्ही अवस्थांना सरसकट ‘खड्डे पडले’ असे म्हटले की उपायही सरसकट होतो : वरून खडी-डांबर. उखडलेल्या जागी ते टिकेलही. खचलेला रस्ता पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खचेल. तक्रारीच्या अर्जात योग्य क्रियापद योजणे हे म्हणूनच निदानाचे पहिले पाऊल होय.