भातकापणीनंतरचे पाणी व वनराई बंधारा

पालघर जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळा लागला की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. याचे कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. सह्याद्रीचा उतार येथून समुद्राकडे झपाट्याने उतरतो. मातीचा थर पातळ असून त्याखाली कठीण काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी मुरण्यापूर्वीच ओहोळांवाटे सूर्या, पिंजाळ व वैतरणा या नद्यांत व तेथून खाडीत जाते. भाताची कापणी चालू असते त्या वेळी मात्र पुराचा जोर ओसरलेला असून ओहोळ संथपणे वाहत असतात. हे अखेरचे पाणी अडविणे गावाच्या आवाक्यातले काम आहे.

या पाण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. दुसरे पीक नसले म्हणजे दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर जातात. मुले शाळेतून उठतात, घरी म्हातारी माणसे राहतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काहींना रोजगार मिळतो हे खरे. पण सर्वांनाच मिळतो असे नाही. अर्धा एकर वाल किंवा भाजीपाला निघाला तरी निदान काही कुटुंबांचे जाणे टळते.

रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेल्या तात्पुरत्या बांधास वनराई बंधारा म्हणतात. मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या वनराई संस्थेवरून हे नाव रूढ झाले. त्यासाठी अरुंद पात्राची, दोन्ही काठ उंच व पक्के असलेली जागा निवडावी. वरच्या बाजूस पात्राचा उतार मंद असावा, म्हणजे पाणी दूरवर तुंबते. पात्र फार रुंद असल्यास या कामाच्या मागे लागू नये. पहिल्याच अवकाळी पावसात श्रम वाया जातात.

तळातील वाळू, पालापाचोळा व सुटे दगड काढून घट्ट थर लागेपर्यंत खणावे. हे काम नीट न झाल्यास पाणी बांधाखालून निघून जाते. बहुतेक बंधारे याच चुकीमुळे कोरडे पडतात. गोणी पाऊण भरून तिचे तोंड सुतळीने शिवावे. वीटकामाप्रमाणे सांधेमोड करून थर रचावेत, फटींत चिकणमाती ठोकून भरावी व बांधाची टोके काठांत हातभर आत घुसवावी. पाया रुंद ठेवून माथा निमुळता करावा. उंची मीटर-सव्वा मीटरपेक्षा अधिक नको. मधला भाग एक-दोन थर ठेंगणा ठेवल्यास जादा पाणी काठ न कापता तेथूनच वाहून जाते. सहा मीटर रुंदीच्या व एक मीटर उंचीच्या बांधास सुमारे अडीचशे गोण्या लागतात. वीस-पंचवीस माणसे दिवसभरात हे काम उरकू शकतात.

गोण्यांविषयी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. बांधकामावरील सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून वापराव्यात. खताच्या असल्यास धुऊन घ्याव्यात. परंतु बोईसर-तारापूर परिसरात रासायनिक कारखाने पुष्कळ असल्याने तेथील गोण्या स्वस्तात मिळतात म्हणून आणण्याचा मोह होतो. रसायने किंवा रंग भरलेली गोणी कितीही धुतली तरी बंधाऱ्यास लावू नये. त्याच पाण्यावर गुरे येतात, तेथेच बायका भांडी घासतात.

बांध घालण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाड्यावर बैठक घेऊन पाण्याची वाटणी ठरवून घ्यावी. तिला पाणी भरणाऱ्या स्त्रिया व खालच्या अंगाचे शेतकरी हजर असलेच पाहिजेत. आधी पिण्याचे व गुरांचे पाणी, मग पीक, हा क्रम सर्वांना मान्य असावा. एकाच्या इंजिनाने आठ दिवसांत डोह उपसला गेला, तर पुढील वर्षी श्रमदानास कोणी येत नाही. खालच्या वस्तीस थोडा प्रवाह चालू राहील इतपतच पाणी अडवावे.

हे पाणी साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरते, असे धरूनच पीक निवडावे. भाताच्या ओलीवर पेरलेल्या वालास फुलोऱ्यात एखादे पाणी मिळाले तरी शेंगा चांगल्या भरतात. मुळा व पालेभाज्या लवकर हाती येतात. जव्हार-विक्रमगडकडील मोगऱ्याचे उत्पन्न पाहून अनेकांना तो लावावासा वाटतो; पण मोगऱ्यास भर उन्हाळ्यातही पाणी हवे. जवळ विहीर नसल्यास केवळ या बंधाऱ्याच्या भरवशावर मोगरा लावू नये.

मे महिन्यात बांध उकलून माती काठावर पसरावी. उन्हाने विरलेल्या गोण्या तशाच ठेवल्यास पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खाचरांत व खाडीत जातात. धड राहिलेल्या गोण्या झटकून, वाळवून समाजमंदिरात किंवा कोणाच्या माळ्यावर ठेवाव्यात व त्यांचा आकडा लिहून ठेवावा, म्हणजे कार्तिकात किती नव्या लागतील हे आधीच कळते.