स्कॅनरला कॅमेरा दिसत नाही

केनियाला वन्यजीव छायाचित्रणासाठी निघालेल्या एका वाचकानं विचारलंय : ‘विमानतळावर दर वेळी माझीच बॅग बाजूला का काढतात? आत असतं काय, तर कॅमेरा, तीन लेन्स, कार्बन फायबरचा ट्रायपॉड, बॅटऱ्या आणि ट्रायपॉड आवळायच्या चार किल्ल्या. यात लपवण्यासारखं काय आहे?’

लपवण्यासारखं काहीच नाही. पण ज्याच्या आड काही लपू शकेल असं मात्र पुष्कळ आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बॅगेतला कॅमेरा कुठला आणि लेन्स कुठली, हे त्या यंत्राच्या गावीही नसतं. त्याला कळतात दोनच गोष्टी : वाटेत आलेला पदार्थ किती दाट आहे आणि त्याचे अणू किती जड आहेत.

हे यंत्र पाहतं ते क्ष-किरणांनी. विल्हेल्म राँटगेन यांनी ते नोव्हेंबर १८९५मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग इथं शोधले. त्यांच्या पत्नीच्या हाताचं छायाचित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. राँटगेन यांच्या पहिल्याच निबंधात आणखी एका छायाचित्राचा उल्लेख आहे, त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही : बंद पेटीत ठेवलेला वजनांचा संच. झाकण न उघडता आतली वजनं दिसत होती. सामानाची जगातली पहिली तपासणी तीच, असं मी तरी मानतो. पुढं दीड-दोन वर्षांतच, १८९७मध्ये, पॅरिसच्या कस्टमवाल्यांनी प्रवाशांच्या सामानावर हे किरण वापरूनही पाहिले.

क्ष-किरणांच्या नुसत्या सावलीची पंचाईत अशी की जाड प्लास्टिक आणि पातळ ॲल्युमिनियम सारखेच करडे दिसतात. म्हणून बॅग कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांच्या किरणांनी पाहतात. समजा, डब्यात काय आहे ते न बघता ओळखायचंय आणि हाताशी फक्त पिठाची चाळणी आहे. खाली थोडंच पडलं, तर डब्यात मुळात ऐवजच कमी होता की त्यात रवा जास्त होता, हे सांगता येणार नाही. आता रव्याचीही चाळणी घ्या. दोन्हींतून किती पडलं ते ताडून पाहिलं की ‘किती’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘काय’ याचं उत्तर मिळतं. कमी ऊर्जेच्या किरणांचं शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढतं; जास्त ऊर्जेच्या किरणांना मात्र मुख्यतः दाटपणाचीच फिकीर. हे दोन आकडे ताडून यंत्र रंग भरतं. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे पदार्थ नारिंगी, ॲल्युमिनियमच्या आसपासचे हिरवे आणि लोखंड-तांब्याच्या जातीचे निळे.

आता छायाचित्रकाराची बॅग पाहू. चांगल्या लेन्समध्ये वक्रीभवनांक वाढवायला लँथेनमयुक्त काच वापरतात. लँथेनमचा अणुक्रमांक ५७, म्हणजे लोखंडाच्या दुपटीहून जास्त. अशा काचांसह दहा-पंधरा भिंगं एकामागे एक आणि भोवती धातूची नळी, की पडद्यावर उमटतो जवळजवळ काळा गोळा. त्यामागे काय आहे, देव जाणे. ट्रायपॉडची गंमत याहून भारी. ॲल्युमिनियमचा साधा ट्रायपॉड निमूट हिरवा दिसतो. वजन वाचावं म्हणून जास्तीचे पैसे मोजून घेतलेला कार्बन फायबरचा ट्रायपॉड मात्र नारिंगी, म्हणजे दशम्या, पुस्तकं, साबण आणि प्लास्टिक स्फोटकं यांच्याच रांगेतला. काळे गोळे, नारिंगी नळ्या, वायरी आणि बॅटऱ्यांची रास, एवढं एकत्र पाहून अधिकाऱ्यानं बॅग उघडली नाही तरच नवल.

साध्या यंत्राचं मोठं दुखणं म्हणजे एकावर एक पडणाऱ्या सावल्या. त्यावरचा इलाज सीटी स्कॅन, म्हणजे वस्तू सगळ्या बाजूंनी पाहून तिचा आतला छेद उभा करणं. आणि इथं मला थोडं आडवाटेला जायचंय, कारण या गोष्टीतला माझा आवडता माणूस कायम वगळला जातो.

सीटीचं नोबेल १९७९मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं. हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीतले. तीच कंपनी बीटल्सच्या तबकड्या काढायची, म्हणून ‘बीटल्सच्या पैशातून सीटी स्कॅन जन्मला’ असं हौसेनं सांगितलं जातं. हिशेब तपासणाऱ्यांना आढळलं की ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानं कंपनीहून जास्त पैसा घातला होता. पण सरकारी खात्याची गोष्ट कोण सांगणार!

हाउन्सफील्ड यांच्याही आधी त्यांच्या यंत्राची कल्पना खिळे ठोकून उभी केली ती लॉस एंजलिसमधले मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम ओल्डनडॉर्फ यांनी. त्या काळी मेंदूचं चित्र घ्यायचं तर रुग्णाच्या मणक्यातून द्रव काढून त्या जागी हवा भरत. तपासणी भयंकर वेदनादायक होती आणि ओल्डनडॉर्फ यांना ती करणं मनापासून नकोसं वाटे. त्याच सुमारास त्यांची गाठ एका इंजिनिअरशी पडली. हिमदंशानं आतून सुकलेली संत्री न कापता ओळखून बाजूला काढणारं यंत्र त्याला बनवायचं होतं. बाहेरून सगळी संत्री सारखीच गोजिरी. ओल्डनडॉर्फ यांच्या लक्षात आलं की सालीच्या जागी कवटी घेतली, तर प्रश्न तोच आहे.

मग त्यांनी प्लास्टिकच्या ठोकळ्यात कडेनं लोखंडी खिळे रोवले, ती कवटी. मधोमध एक लोखंडी आणि एक ॲल्युमिनियमचा खिळा. तो मेंदूतला ऐवज. ठोकळा खेळण्यातल्या आगगाडीवर आणि आगगाडी ग्रामोफोनच्या फिरत्या तबकावर. गाडी ओढायला घड्याळाची मोटर. एका बाजूनं किरणोत्सारी आयोडीनच्या गॅमा किरणांचा बारीक झोत, पलीकडे मोजणी. तबक फिरलं की कडेचे खिळे झोतातून झपाझप निघून जात. तबकाच्या केंद्रापाशी जे असेल ते मात्र झोतात टिकून राही. झटपट बदलणारे संकेत गाळून टाकले की कवटीचा अडथळा संपला आणि आतला खिळा तेवढा उरला! हा निबंध १९६१मध्ये छापून आला, १९६३मध्ये पेटंट मिळालं. एका एक्स-रे कंपनीनं उत्तर दिलं ते साधारण असं : हे चाललं तरी नुसता डोक्याचा छेद दाखवणाऱ्या इतक्या महागड्या यंत्राला गिऱ्हाईक कुठून मिळणार? न्यायानं बोलायचं तर संपूर्ण प्रतिमा उभी करणारं गणित मांडलं कॉरमॅक यांनी आणि स्वतंत्रपणे काम करून संगणकावर तशी प्रतिमा उभी करून दाखवली हाउन्सफील्ड यांनी. ओल्डनडॉर्फ यांना १९७५मध्ये हाउन्सफील्ड यांच्याबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला; नोबेलच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. खिळे, घड्याळाची मोटर, वायरी आणि किरणोत्सारी आयोडीन एवढं हातातल्या बॅगेत घेऊन हा माणूस आज विमानतळावर आला असता, तर त्याला आधी कुठल्या खोलीत नेलं असतं, याचा विचार करून मला हसू येतं.

सीटी दवाखान्यातून विमानतळावर आली ती दुःखद कारणांनी. जून १९८५मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटानं कोसळलं आणि ३२९ जण गेले. त्या दिवशी टोरांटोला सामान तपासताना एक्स-रे यंत्र बंद पडलं होतं आणि उरलेल्या बॅगा स्फोटकांचा वास टिपणाऱ्या हातातल्या उपकरणानं तपासल्या होत्या. डिसेंबर १९८८मध्ये लॉकरबीवर पडलेल्या पॅन ॲमच्या विमानात स्फोटक होतं ते रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये. चेक-इनच्या सामानातली स्फोटकं आपोआप हुडकणाऱ्या पहिल्या सीटी यंत्राला अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनानं डिसेंबर १९९४मध्ये मान्यता दिली. आता हीच जात हातातल्या बॅगांसाठीही येते आहे. बॅग चारी बाजूंनी पाहिली की लेन्समागचा कोपरा लपत नाही.

छायाचित्रकारांपैकी याचा फटका बसतो तो फिल्म वापरणाऱ्यांना, आणि ही मंडळी अलीकडे पुन्हा वाढताहेत. फिल्मवरचे चांदीचे क्षार क्ष-किरण चांगलेच शोषतात. फिल्म जितकी वेगवान, तितके तिचे कण मोठे आणि तितकी ती हळवी. फिल्म किती हळवी असते याचा इतिहासातला दाखला जबरदस्त आहे. जुलै १९४५मध्ये न्यू मेक्सिकोत अणुबाँबची पहिली चाचणी झाली. त्यानंतर कोडॅकच्या काही एक्स-रे फिल्मवर ठिपके दिसू लागले. कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब माग काढत पोचले ते दीड हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या इंडियाना राज्यातल्या पुठ्ठ्याच्या गिरणीपर्यंत. चाचणीची किरणोत्सारी धूळ तिथल्या नदीच्या पाण्यातून फिल्मच्या वेष्टनात उतरली होती. जुन्या यंत्रातून कमी वेगाची फिल्म एक-दोनदा गेली तर निभावतं. ८०० आयएसओ आणि त्यावरची फिल्म हातानं तपासून घ्यावी. सीटी यंत्रात मात्र कुठलीच फिल्म घालू नये. डिजिटल कॅमेऱ्याला आणि कार्डाला यापैकी कशाचंही भय नाही. त्याच्या सेन्सरवर कायमचे चकाकते ठिपके पडतात, ते पुष्कळदा वैश्विक किरणांतून निपजलेल्या न्यूट्रॉनांमुळे, आणि विमानाच्या उंचीवर त्यांचा मारा समुद्रसपाटीच्या शेकडो पट असतो. स्कॅनरला शिव्या देणाऱ्यांनी थोड्या आकाशालाही द्याव्यात.

बॅटऱ्यांचा प्रश्न रसायनाचा. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. सुरक्षेच्या तपासणीत हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. तापून बिघडलेली बॅटरी स्वतःच उष्णता आणि ऑक्सिजनही निर्माण करत राहते. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण त्या बॅटरीला थंड करत नाही. सप्टेंबर २०१०मध्ये आग लागून दुबईत कोसळलेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांचा माल होता. दोघे वैमानिक गेले. केबिनमध्ये निदान धूर कुणाला तरी दिसतो. मर्यादा १०० वॉट-तासांची. १६०पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीनं दोन. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास एवढाच हिशेब. ७.२ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी १४.४ वॉट-तासांची भरते, तेव्हा काळजी नको. टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्ल्यांना लागून शॉर्ट होणार नाही.

राहिल्या त्या किल्ल्या. त्या मोडतात हत्यारांत, स्क्रूड्रायव्हरच्या पंगतीत. इथं विज्ञान संपतं. कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर स्क्रूड्रायव्हर ओळखायला अडचण येत नाही; तो निळा, लांबट, स्पष्ट दिसतो. प्रश्न असतो तो त्याचं काय करता येईल याचा, आणि त्यावर देशादेशांचं एकमत नाही. अमेरिकेत सात इंचांपर्यंतची हत्यारं केबिनमध्ये चालतात. युरोपात स्क्रूड्रायव्हरची दांडी सहा सेंटिमीटरहून लांब असली की तो गेला. आपल्याकडे स्क्रूड्रायव्हर, पाने, पकडी हातातल्या बॅगेत नकोच. अमेरिकेनं २०१३मध्ये छोट्या चाकूंना मुभा द्यायचं ठरवलं आणि विरोध होताच निर्णय मागं घेतला. यात सेंटिमीटर असले तरी भौतिकशास्त्र नाही.

नव्या यंत्रांनी हा सगळा जाच संपणार, असं दर वर्षी ऐकू येतं. सीटी आली की द्रवांची १०० मिलीलिटरची अट गेलीच, असं युरोपात जाहीर होऊ लागलं होतं. काही विमानतळांनी ती उठवलीही. सप्टेंबर २०२४मध्ये युरोपीय संघानं तांत्रिक कारणानं अट पुन्हा लागू केली होती. लेन्स पुसायचा द्रव अजून छोट्याच बाटलीत न्यावा हे बरं.

शेवटी पडद्यासमोर एक माणूस बसलेला असतो, आणि मला वाटतं, या साखळीतल्या सर्वांत नाजूक उपकरणाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. दृष्टीचे अभ्यासक जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. एकमेकांवर चढलेल्या वस्तूंच्या चित्रांत लोकांनी अवजारं शोधायची होती. निम्म्या चित्रांत अवजार असताना ती ७ टक्के वेळा नजरेतून सुटली. शंभरांत एकाच चित्रात असताना ३० टक्के. जे क्वचित येतं ते डोळा पाहणंच सोडून देतो. म्हणूनच अधूनमधून पडद्यावर शस्त्राचं खोटं चित्र टाकून तिथल्या माणसाला जागं ठेवतात. अशा डोळ्याला काळा गोळा दिसला आणि त्यानं बॅग उघडायला सांगितली, तर तो आपलं काम चोख करतोय असं समजावं.

तेव्हा केनियाला निघालेल्या वाचकानं त्या डोळ्याला वाचता येईल अशी बॅग भरावी. लेन्स एकमेकींवर नकोत, शेजारी शेजारी ठेवाव्यात. बॅटऱ्या एका पारदर्शक पिशवीत, कॅमेरा वेगळ्या ट्रेमध्ये, वायरींची गुंडाळी सुटी. फिल्म असेल तर ती आधीच हातात काढून हातानं तपासण्याची मागणी करावी. चार किल्ल्या मात्र चेक-इनच्या सामानात टाकाव्यात. त्यांच्या बाबतीत राँटगेन काय, ओल्डनडॉर्फ काय, कुणाचाच वशिला चालत नाही.