बारा आणि आठ मिळून एकशे अठ्ठावीस

वाशीम, रिसोड किंवा कारंज्याकडे ‘संगणकाचा क्लास’ म्हटले की एमएस-सीआयटी आठवते. प्रोग्रॅमिंग मात्र इंजिनिअरिंगला गेल्यावर शिकायचे, असा समज. तो सैल केला ऑनलाइन धड्यांनी. २०११ मध्ये कोडॅकॅडमी सुरू झाली, २०१३ मध्ये ‘अवर ऑफ कोड’ आले, आणि एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम लिहायची चौकट ही पद्धत रुळली. संगणकात काही बसवावे लागत नाही. फोनवरही काम भागते. (फोनवर कंस आणि अवतरणचिन्हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो, ते वेगळे.)

चुकत चुकत शिकण्याची ही कल्पना जुनी आहे. सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही भाषा मुलांसाठीच तयार केली. पुढे तिच्यात कासव आले: मुलाने आज्ञा द्यायची, कासव भलतीकडे गेले तर आज्ञा दुरुस्त करायची. आपल्याकडे गणित चुकल्याचे वही तपासून आल्यावर कळते, तेही वर्गासमोर. इथे ते लगेच कळते आणि कोणी हसत नाही. नवख्यासाठी हा लाभ फार मोठा आहे.

पण एक मेख आहे. समजा, मालेगाव तालुक्यातल्या एका मुलीने पायथनचे धडे पुरे केले आणि घरच्या सोयाबीनचा हिशोब प्रोग्रॅमने करायला घेतला. बाजार समितीत दोन खेपा गेल्या, १२ आणि ८ क्विंटलच्या. तिने दोन्ही आकडे कळफलकावरून घेऊन बेरीज मागितली. उत्तर आले १२८. चुकीचा संदेश नाही, काही नाही. कळफलकावरून आलेले सारे पायथन मजकूर समजते, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणे. त्या उत्तराला तिने प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या २०२४-२५ च्या हमीभावाने, ४८९२ ने, गुणले तर पडद्यावर ‘१२८’ तब्बल ४८९२ वेळा उमटेल! उपाय एवढाच की प्रत्येक आकडा आधी ‘इंट’ने संख्येत बदलायचा.

मग धड्यात हे का भेटले नाही? कारण तिथे संख्या आधीच लिहिलेल्या होत्या. तिला फक्त गुणाकाराची खूण भरायची होती. माहिती कुठून येते, कोणत्या रूपात येते, हे धडा लिहिणाऱ्याने ठरवून टाकले होते. खरे प्रोग्रॅमिंग तिथेच असते.

भाषेचा अडथळा वेगळा. भावही कळफलकावरून घेतला तर गुणाकाराला ‘टाइपएरर’ येतो. इथे ‘टाइप’ म्हणजे माहितीचा प्रकार. मुलगी मात्र टायपिंगची चूक शोधत बसते. गंमत अशी की पायथन ३ मध्ये ‘वजन’, ‘भाव’ अशी नावे देवनागरीत चालतात. कळफलकावरून आलेले मराठी अंकही ‘इंट’ ओळखते. प्रोग्रॅममधले अंक मात्र इंग्रजीच लागतात.

आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहे. व्हिडिओ थांबवत थांबवत तेच काम आपल्या संगणकावर करायचे. संगणक नसेल तर अडचण. पण रिकामे पान पहिल्याच दिवशी समोर येते. माझ्या मते दोन्ही वापरावे, आणि प्रत्येक धडा संपला की तो बंद करून घरचा एक हिशोब कोऱ्या पानावर लिहावा. त्यात हमाली-तोलाई वजा करावी. तिसरी खेप साडेआठ क्विंटलची निघते, ८.५ लिहिताच ‘इंट’ अडून बसते, आणि मुलगी ‘फ्लोट’ कुठल्या धड्यात होते ते शोधायला पुन्हा मागे जाते.